नावाडी बाजारात होता की नव्हता

"मेलेला माणूस डोंगरावर बसून बिडी ओढतोय आणि मी ते गप्प वाचायचं? नावाडी मेलाय रे गाढवा! गाव बुडालं, नाव बुडाली, नावाडीही बुडाला. तुझ्या गोष्टीत तो वर चौकीवर पोचलाच कसा? उडत?"

मामाने बोलून पाठवलेला निरोप फोनमधून असा काही फुटला की शिवणयंत्रावरचे मास्तर हातातलं काम सोडून बघायला लागले.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही. खेळातला आहे."

"मग खेळातल्याला खेळातच रडा. आधी ती मागची सीट उघडून दे."

भडक्याने फोन खिशात कोंबला. त्याच्यापुढे गाडीची सीट पोट वर करून पडली होती. जुनं कव्हर ज्या तारेच्या कड्यांनी आत ओढून धरलेलं असतं, त्या एकेक पकडीने तोडायच्या, हे त्याचं काम. तासभर बाकावर बसवत नाही म्हणून पोराने शाळा सोडली आणि आता दिवसभर सीटांशीच गाठ, हा विनोद मास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गिऱ्हाईक हसायचं. भडक्या हसायचा नाही. भडक्या हे नाव मामाने ठेवलेलं, बोट लावलं की पेटतो म्हणून.

भांडण ज्या खेळावरून चाललं होतं, तो असा. वर धरण, खाली गाव. आपण घोडेस्वार. धरण फुटणार ही खबर घेऊन निघायचं आणि काहीही करा, गाव हलवायला उशीरच झालेला असतो. पहाटे धरण फुटतं, गाव जातं. डोंगरावरच्या चौकीत असतील तेवढेच वाचतात. पुढे काय झालं हे खेळ सांगत नाही. म्हणून मग खेळणारे आपापल्या गोष्टी लिहून एका साइटवर टाकतात. भडक्याही टाकायचा. वाचायचे चारदोन जण, पण तोंड उघडायचा एकटा मामा.

या वेळच्या भागात भडक्याने नावाड्याला जिवंत ठेवला होता. पुराच्या आधीच तो गाव सोडून चौकीकडे निघाला, असं लिहिलं. मामाचं म्हणणं, आदल्या संध्याकाळी नावाडी खाली बाजारात असतो. चौकीला पोचायला घोड्यालाही दोन दिवस लागतात. मग हा म्हातारा पहाटेच्या आत वर कसा?

भडक्या दुकानामागे रेक्झिनच्या गुंडाळ्यांच्या आड गेला आणि फोन तोंडाशी धरला. "बाजारात नव्हताच तो! शंभरदा फिरलोय मी त्या बाजारात. ओस असतो. कुत्रंसुद्धा नसतं. मला खेळ शिकवू नकोस, तू तुझ्या लिफ्ट दुरुस्त कर."

मामाचं उत्तर लगेच. "आणि मी शंभरदा त्याला तिथेच बघितलाय. डोळे तपासून घे."

"मग ये रविवारी. मशीन लावू, दाखव मला. नाही दिसला तर मिशी काढायची."

एवढं पाठवून तो आत आला. आता कड्या भराभर तुटायला लागल्या. रविवारी. मिशीवर बोलणं आलं म्हणजे येईल. मामाला मिशीवरून बोललेलं खपत नाही.

मामा म्हणजे आईचा सगळ्यात धाकटा भाऊ. भडक्याला आठवतं तेव्हापासून तो यांच्याच घरात, यांच्याच खोलीत. दोन खाटा, मध्ये एक स्टूल, स्टुलावर खेळाचं मशीन. मग मामाचं लग्न झालं, कंपनीने बदली केली आणि तो मामीला घेऊन दूरच्या शहरात गेला. जाताना मशीन ठेवून गेला. "तुझंच हे आता," म्हणाला. आधी रोज फोन यायचा. मग कधीतरी. मग नुसतं कसा आहेस आणि बराय. पण गोष्टीचा पहिला भाग टाकला आणि मामाने चूक पकडली, एका पानावर लंगडा झालेला घोडा पुढच्या पानावर चौखूर उधळत होता. त्या चुकीवर मामा ऐसपैस बोलला, शिव्या दिल्या, हसला. भडक्याच्या तेव्हाच लक्षात आलं. खुशाली विचारली की दोन शब्द मिळतात, चूक केली की मामा मिळतो. मग त्याने एकदोन चुका मुद्दामही पेरल्या.

नावाड्याचं मात्र मुद्दाम नव्हतं. तिथे तो मनापासून भांडत होता.

दिवस कलल्यावर उत्तर आलं. या वेळी आवाज नव्हता, लिहिलेलं होतं. "रविवारी नाही रे जमणार, मामीच्या घरचे येतायत. आणि बरं बाबा, तुझंच खरं. नावाडी जिवंत. खूश?"

भडक्याने ते वाचलं. परत वाचलं. मग पकड अशी हिसडली की कडीबरोबर खालचा फोमही टरकला.

"काय रे, आता दुसरंही मेलं का कोणी?" मास्तर म्हणाले. त्यांनी उठून त्याच्या हातातून पकड काढून घेतली. "जा घरी. आज तू सगळंच फाडशील."

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. याचं तोंड बघून म्हणाली, "कोणाशी वाजलं?"

"तुझ्या भावाशी."

"काय म्हणाला?"

"माझंच खरं म्हणाला."

"मग?" आईचा हात घडीवरच थांबला. "यात चिडण्यासारखं काय आहे?"

"तुला नाही कळायचं!"

"नाही कळत बाई. अरे, त्याचा नवा संसार आहे. दिवसभर त्या लिफ्टांमध्ये लटकतो. तुझ्या बुडालेल्या गावाला कुठवर पुरणार तो?"

भडक्याने खोलीचं दार आपटलं. मामाच्या खाटेवर आता जास्तीच्या गाद्या रचलेल्या होत्या. मामा गेल्यापासून त्याने मशीन लावलंच नव्हतं. एकट्याने खेळताना दुसरी खाट डोळ्यात यायची. तो नुसत्या आठवणीवर लिहायचा. आज त्याने मशीनवरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली. बाजार ओस आहे याचा फोटो काढून मामाच्या तोंडावर मारायचा, मग बघू कसं तुझंच खरं म्हणतो.

मशीनवर दोघांचे खेळ वेगवेगळे साठवलेले होते. त्याने स्वतःचा उघडला. घोडा गावात शिरला आणि भडक्याचा हात थबकला.

सगळीकडे दिवे लागले होते. बाजार माणसांनी फुललेला. पोरं धावत होती, एक बाई मडकी मांडून बसली होती, कोणीतरी वाजवत होतं. यातलं एकही तोंड त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि घाटाच्या पायरीवर, मांडीवर जाळं घेऊन, नावाडी.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेरही दिवे लागत होते.

या खेळातली वेळ मशीनच्या घड्याळावर चालते. बाहेर दुपार तर गावात दुपार. हे दोघांनाही माहीत होतं, पण दोन अधिक दोन कोणी केलं नव्हतं. भडक्या शाळा बुडवून भर दुपारी खेळायचा, तेव्हा गाव शेतावर गेलेलं असायचं. संध्याकाळी आई त्याला क्लासला पिटाळायची आणि कामावरून आलेला मामा मशीनपुढे बसायचा. रात्री दोन्ही खाटांवरून गप्पा मात्र एकाच गावाच्या. नावाडी भडक्याने त्या गप्पांतच ऐकलेला, तो कधी कुठे बसतो हे तेवढं निघालं नव्हतं.

भडक्या नावाड्याजवळ गेला. नावाडी म्हणाला, "कोण रे तू? कधी दिसला नाहीस."

तो बटण सोडून नुसता बसला. मग त्याने मामाचा खेळ उघडला. मामाने तो पुराच्या आदल्या दिवशीच थांबवून ठेवला होता. पुराची पहाट घड्याळाने होत नाही, आपण पुढे गेलो तरच होते; ती एका पावलावर होती. बाजार तोच, दिवे तेच. नावाड्याने मान वर केली, पायरीवर जरा सरकला आणि म्हणाला, "आलास? बस. तुझी जागा ठेवलीय."

आईने जेवायला हाक मारली. मग परत मारली. तिसऱ्यांदा तिने दारातून डोकावून बघितलं आणि त्याचं ताट झाकून ठेवलं.

त्या आठवड्यात भडक्याने काहीच पाठवलं नाही. साइटवरून नावाड्याचा भाग मात्र काढून टाकला. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मामाचाच फोन आला.

"काय रे ए भडक्या, गोष्ट कुठे गायब? पुढे काय करतो नावाडी?"

"काही करत नाही. मेलाय तो."

"आता? मी म्हटलं ना, तुझंच खरं."

"नव्हतं माझं खरं. आहे तो बाजारात. संध्याकाळी असतो. तुझ्यासाठी सरकून बसला."

पलीकडे मागे कुठेतरी हातोडी चालू होती.

"माझा खेळ उघडलास होय," मामा म्हणाला.

"तू पहाट का नाही केलीस?"

"केली होती एकदा. नाही बघवलं. मग मागे आलो आणि तिथेच ठेवला." मामा खोकला. "दमून यायचो रे. ताई स्वयंपाकात, तू क्लासला. बोलायला कोण? त्याच्या शेजारी जरा टेकायचो. म्हणून म्हणतो, तुझ्या गोष्टीत वाचला होता ते बरं वाटलं मला. उगाच भांडलो आधी. वाचव की त्याला."

"कसा वाचवू? वेळच बसत नाही."

"वेळ गेली खड्ड्यात!"

"घोड्याला दोन दिवस लागतात, तूच म्हणालास!"

मामा हसला. इतका की भडक्यालाही हसू फुटलं. तेवढ्यात तिकडे कोणीतरी ओरडलं, वरच्या मजल्यावर माणूस अडकलाय, चल लवकर. मामा त्याच्यावर खेकसला, "पाच मिनिटं अडकून राहा म्हणावं, भाच्याशी बोलतोय." मग इकडे, अगदी हळू, "हां, बोल. तू कसा आहेस? काही हवंय का तुला?"

भडक्याने दुकानात नजर टाकली. मास्तर यंत्रावर डोकं टेकून झोपले होते. दारात गिऱ्हाईक नव्हतं, गाडी नव्हती. एकच शब्द होता, ये, आणि तो जिभेवर येऊन बसला होता. बाहेर पडला असता तर त्याच्यामागून आणखी काय काय पडलं असतं, सांगता येत नाही. पाच मिनिटांतलं एक तर संपलंही असेल.

"नाही," तो म्हणाला. "मास्तर कधीचे हाका मारतायत. निघायला हवं मला. निघतो."