अंगठ्याची नस

माझ्या संशोधनाला आमच्या घरात एकच नाव होतं: मढ्यांचं काम. "आज मढ्यांचं उशिरापर्यंत आहे का गं?" असं सासूबाई सकाळीच विचारून घ्यायच्या. मी शरीररचनाशास्त्र शिकवायचे. सकाळी व्याख्यान, दुपारी विच्छेदन आणि उरलेला सगळा वेळ अंगठ्याच्या एका नसेला. घरी आल्यावर आधी अंघोळ आणि मगच स्वयंपाकघर, हा सासूबाईंचा कायदा. फॉर्मॅलिनचा वास तरीही जायचा नाही.

अंगठा हलवणारी ती नस सुतळीएवढीही जाड नसते. मनगटातल्या आडव्या, चिवट पट्ट्याला वळसा घालून ती अंगठ्यात शिरते. काही हातांत मात्र वळसाबिळसा न घालता सरळ पट्ट्यातूनच घुसते. असल्या आडमुठ्या नसा शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निबंध छापून आला तेव्हा नवरा म्हणाला, "वाचणार कोण? तू आणि छापणारा." खोटं नव्हतं ते. पण ओल्या फरशीचं ते विच्छेदनाचं दालन आठवलं की अजून जीव तिथेच घुटमळतो. फार सुखाचे दिवस होते.

मग सासूबाईंचा उजवा हात बधिर होऊ लागला. मनगटातला पट्टा कापून त्याखाली दबलेली मोठी नस मोकळी करायचं ठरलं. त्यांचा सगळा जीव शिवणात. अंगठा गेला असता तर त्या खचल्याच असत्या. सर्जन माझाच जुना विद्यार्थी. त्याला गाठून मी म्हटलं, "पट्टा एकदम कापू नकोस. अंगठ्याची नस कुठून जाते ते आधी बघ."

"मॅडम, तुम्ही म्हणता तशी नस क्वचितच असते."

"क्वचित म्हणजे कुणाला तरी असतेच ना?"

त्याला ते फारसं रुचलं नाही, पण त्यानं ऐकलं. शस्त्रक्रिया आटोपून बाहेर आला तो मास्क खाली ओढतच. "पट्ट्यातूनच जात होती, मॅडम. नेहमीसारखा कापला असता तर तुटलीच होती."

मी तिथल्याच बाकावर बसले.

टाके निघाल्यावर सासूबाई एकेका बोटाला अंगठा टेकवून बघत होत्या. मी त्यांना निबंधातलं चित्र दाखवलं.

"हे शोधायला किती जणांचे हात उघडलेस?"

"पुष्कळ."

"कोण होती ती माणसं?"

"आम्हाला नावं सांगत नाहीत, आई."

त्यांचा अंगठा करंगळीवर तसाच थांबला. "मग मी आभार कुणाचे मानू?"

मला रडू आवरेना. आम्ही दोघी त्या चित्राकडे बघत बसलो.