हाक मी मारली होती

मी पुस्तकं बांधणाऱ्या एका बाइंडरच्या डाव्या अंगठ्यावरची त्वचेची पेशी बोलतेय. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुम्हाला ठाऊक असतील. शाळेच्या पुस्तकात त्यांची चित्रं असतात, 'शरीराचे सैनिक' म्हणून कौतुक असतं. आम्ही मात्र नुसती कातडी. आधीच सांगते, पुढचं सगळं मी जळफळतच सांगणार आहे.

माझा जन्म कातडीच्या अगदी खालच्या थरात झाला. शेजारणींचे हात घट्ट धरून उभं राहायचं आणि बाहेरचं काही आत शिरू द्यायचं नाही, हे आमचं काम. आमचा मालक, म्हणजे तो बाइंडर, हाच अंगठा कागदावरून फिरवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, कागद कुठल्या बाजूने नीट दुमडेल. "हा अंगठा आहे म्हणून माझं दुकान आहे," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. ते ऐकून मी फुगून जायचे.

एका सकाळी पुठ्ठा कापताना त्याची सुरी घसरली. माझ्या उजव्या हाताच्या शेजारणी एका फटक्यात गेल्या आणि मी जखमेच्या कडेवर उरले. मी जिवाच्या आकांताने हाक मारली. आमची हाक म्हणजे रसायनांचे थेंब. ते झिरपत झिरपत रक्तापर्यंत जातात.

मालकाने काय करावं? पुस्तकांना लावायची खळ बोटभर उचलली आणि जखमेवर थापली.

"अहो, जखमेला खळ काय लावताय?" बायको ओरडली.

"कापलं की आम्ही बाइंडर हेच लावतो. लगेच चिकटतं."

"अंगठा म्हणजे काय पुस्तकाची पाठ आहे?"

पिठाची खळ ती. जंतूंना आयतं जेवण मिळालं, वर झाकणही. तिसऱ्या दिवशी अंगठा टम्म सुजला, तेव्हा बायकोने मालकाला अक्षरशः ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी खळ धुऊन काढली, पट्टी बांधली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, "पू खोल चाललाय. हाडाला लागला तर अंगठ्याचं टोक काढावं लागेल."

पांढऱ्या पेशी माझ्या हाकेला काही तासांतच धावून आल्या होत्या. जंतूंशी झुंजत ढिगांनी मेल्या. त्यांच्यामागून एक थोराड पांढरी पेशी आली आणि मेलेले जंतू, मेलेल्या बहिणी, सगळं गिळत सुटली. मी तिचं नाव खादाड ठेवलं. दोन दिवसांनी पट्टी बदलताना बाई म्हणाल्या, "वा! पांढऱ्या पेशींनी मैदान मारलं बरं का." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाक कोणी मारली? कडेवर उघडी कोण उभी होती?

त्याच दिवशी खादाडचा निरोप आला. तोही थेंबांचाच. "खालचं साफ झालंय. शेजारणीचा हात सोड आणि पलीकडच्या कडेकडे चालू लाग."

मी मनात म्हटलं, ही कोण मला हुकूम सोडणार? काल आलेली पाहुणी! मी जागची हलले नाही. माझं बघून शेजारणीही अडून बसल्या.

पुढच्या खेपेला बाईंच्या कपाळावर आठी होती. "पू गेला, पण कडा सरकत नाहीत. जखम अशी उघडी राहिली तर पुन्हा चिघळेल. परवापर्यंत बघू." मालकाने उजव्या हाताने तो अंगठा धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

खादाड निरोप धाडतच होती, पण थेंब आता विरळ झाले होते. शेवटी मी फटकारून विचारलं, "तुला एवढी घाई कसली? कौतुक तर तुझं झालं ना?"

"कसलं कौतुक?" ती म्हणाली. "रक्तातून बाहेर पडलं की आम्हाला परतीची वाट नसते. तुझी हाक ऐकली, आले. तू कोण हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

मी शेजारणीचा हात सोडला आणि निघाले. खपलीच्या खालून, ओल धरून, एकेक पाऊल टाकत गेले. मागून नव्या बहिणी जन्मत होत्या, त्याही खादाडच्याच निरोपावर. दोन दिवसांनी समोरून कोणीतरी येऊन मला भिडलं. पलीकडच्या कडेची पेशी होती. आम्ही हातात हात धरले आणि थांबलो. ही बातमी सांगायला मी खाली थेंब सोडला. त्याला उत्तर आलं नाही.

"भरली की जखम!" बाई म्हणाल्या. "तुमच्या पांढऱ्या पेशींची कमाल."

आता मी वर सरकत सरकत वाळून पापुद्रा झालेय. मालक पुन्हा डोळे मिटून कागदावर अंगठा फिरवतो. एखाद्या फेरीत मी कुठल्यातरी पुस्तकाच्या कोऱ्या पानावर गळून पडेन. तुम्हाला एवढंच सांगणं, जखमेवर खळ थापू नका आणि खपली नखाने उचकटू नका. खाली कोणीतरी चालत असतं. आणि खादाडचं कौतुक करायचं तर खुशाल करा, आता माझी हरकत नाही. पण हाक मी मारली होती. माझं नाव आधी घ्या.