एकूणच वाचनीय

"उद्या मिळेल," तडा गेलेली कवळी उजेडात धरून बाई म्हणाल्या. "आजचा दिवस मऊच खा काका."

परीक्षकांचं लक्ष कवळीकडे नव्हतं. लोकांचे दात करता करता या बाईंनी एक कादंबरी लिहिली होती आणि ती परीक्षकांना मनापासून आवडली होती. असं त्यांच्या बाबतीत पाच-सहा वर्षांतून एकदा घडे. साप्ताहिकातलं 'नवी पुस्तकं' हे सदर ते बावीस वर्षं लिहीत होते. रहस्यकथा, गझला, कुक्कुटपालन, अंतराळ, आत्मचरित्रं, मूळव्याध. टपालाने येईल ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचं आणि वाटलं तेच लिहायचं. 'वाचनीय' हा शब्द त्यांनी एवढ्या काळात चार वेळा वापरला होता. चौथ्यांदा गेल्या महिन्यात, या बाईंसाठी.

"तुमच्या कादंबरीवर मीच लिहिलं होतं," ते म्हणाले. दातांअभावी वाक्याची बरीचशी हवा वाटेतच गेली.

"हो का? थँक्यू हं," बाई कवळीच्या डबीवर नंबर टाकत म्हणाल्या. "पण 'वाचनीय' तर तुम्ही सगळ्यांनाच म्हणता ना."

"शगळ्यांना?"

बाईंनी खणातून फाइल काढली. आपलं पुस्तक कुणाकडे पाठवावं हे कळावं म्हणून त्यांनी वर्षभर सदराची कात्रणं ठेवली होती. परीक्षकांनी ती उभ्या उभ्या वाचली. पहिल्यांदाच. छापून आलेलं स्वतःचं लिखाण वाचणं म्हणजे आपल्या हाताने आपली पाठ थोपटणं, त्यात खांदा निखळतो, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे ते हस्तलिखित पाठवत आणि विषय संपवत.

'लेखकापेक्षा कोंबड्यांची बाजू अधिक मुद्देसूद वाटते. एकूणच पुस्तक वाचनीय आहे.'

'आपल्या आयुष्यात काहीच घडलं नाही, हे लेखकाने चारशे पानांत सिद्ध केलं आहे. एकूणच पुस्तक वाचनीय आहे.'

'कागद उत्तम. एकूणच पुस्तक वाचनीय आहे.'

परीक्षक तसेच साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. संपादक त्यांचा शाळेपासूनचा मित्र. एका बाकावर बसून दोघांनी मार खाल्लेला.

"अरे, चौकटीत शेवटची ओळ रिकामी राहायची," संपादक म्हणाला. "वाईट दिसायचं ते. म्हणून एकदा टाकली. मग पडली सवय."

"बावीस वर्षं?"

"तू विचारलंस कधी? आणि लेका, माणसं केवढ्या आशेने पुस्तक पाठवतात. तू त्यांना सोलतोस. मी आपलं वरून थोडं मलम लावतो. एवढं काय तोंड पाडून बसलास?"

"कवळी नाहीये म्हणून."

"वहिनींना तर आवडतं ते."

हे वाक्य सुटल्यावर संपादकाने टेबलावरचे कागद उगीचच सारखे केले. परीक्षक उठले. चहा आला होता, तो तसाच राहिला.

घरी बायको भाजी निवडत होती. परीक्षकांनी फक्त 'एकूणच पुस्तक वाचनीय आहे' हे वाक्य म्हणून दाखवलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" तिने विचारलं. म्हणजे संपलंच.

"तुला माहीत होतं."

"अहो, दर आठवड्याला वाचते मी. घरातलं कुणीतरी नको का वाचायला?" ती भाजीतून मान न उचलता म्हणाली. "लोक रस्त्यात थांबून बोलतात आपल्याशी. तुमच्या मूळ मजकुरावर कुणी ओळख तरी दाखवली असती का?"

परीक्षकांनी विचार केला. रस्त्यात भेटणारे सगळे त्यांच्याकडे इतकं गोड का हसतात, हे त्यांना कधी उमगलं नव्हतं. चांगल्या शैलीचा परिणाम असावा, असं त्यांनी धरलं होतं.

रात्री ते पातळ भात जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कवळी त्यांच्या हातात ठेवली. "बघा, कुठे टोचतेय का."

परीक्षकांनी ती बसवली, दोनदा दात मिटून पाहिले.

"तुमचं शेवटचं प्रकरण फसलंय," ते म्हणाले.

बाईंचा हात पॉलिशच्या मशिनवर थांबला.

"तुमची नायिका एकशे ब्याऐंशी पानं खरं बोलते. आणि मग एकदम बहिणीला माफ करून मोकळी होते. ते तुम्हालाच पटलेलं नाही. वाक्यं बघा ना तिथली, कशी घाईत आहेत."

बाईंचा चेहरा उतरला. "प्रकाशक म्हणाले, शेवट गोड असला की बरं."

"म्हणणारच."

"आधी मी तिला माफ करू दिलं नव्हतं," बाई हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि त्याच्या आधीचं?"

"त्याच्या आधीचं सांगायला वेळ लागेल."

दारात एक गृहस्थ गाल धरून उभे होते. बाईंनी मशिन बंद केलं, हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि त्यांना म्हणाल्या, "दहा मिनिटं बसता का बाहेर?" मग परीक्षकांसमोर स्टूल ओढून त्या बसल्या.

परीक्षकांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली.