ढिलं हँडल

उस्तादच्या पोटात दुखत होतं, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडे गोळी नव्हती. बायको आपल्यापेक्षा चांगलं काम करते, हे ते दुखणं.

आता उस्ताद हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण वीस वर्षं काँक्रीटला होल मारणाऱ्या माणसाला साइटवर दुसरं काय म्हणणार? वजनदार हॅमर ड्रिल तो एका हाताने उचलायचा. आणि त्याची एक खोड होती. मशीनच्या मानेला एक आडवं हँडल असतं, दुसऱ्या हाताने धरायला. हा पठ्ठ्या काम सुरू करायच्या आधी ते पिळून काढायचा आणि पेटीत टाकायचा. म्हणायचा, "हँडल शिकाऊ लोकांना. मध्ये मध्ये येतं नुसतं." बायको त्याच्या हाताखाली असायची, व्हॅक्युमचा पाइप होलखाली धरून धूळ ओढायची. ती म्हणायची, "अहो, लावा की ते." हा म्हणायचा, "तू पाइप धर."

मग एक दिवस खांबाला होल मारताना मशीनच्या तोंडाचं बिट आतल्या सळईत अडकलं. बिट थांबलं, पण मशीन कशाला थांबतंय! झटका तोडणारा क्लच सुटायच्या आत ते गर्रकन फिरलं आणि त्याच्याबरोबर उस्तादचं मनगटही फिरलं. सहा आठवडे प्लास्टर.

काम काही कुणासाठी अडून राहत नाही. गोदामाच्या तळघरात लोखंडी रॅक बसवायचे होते, बोल्टसाठी शेकडो होल. इंजिनिअरसाहेबांनी विचारलं, "आता मारणार कोण?" तर ही बाई पुढे! म्हणाली, "मी मारते. दहा वर्षं बघतेय."

उस्ताद मनात हसला. म्हटलं, बघू दोन दिवस, येईल रडत. पण कसलं काय! तिची आपली एक रीत होती. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क, कानांवर आवाज अडवणारे मफ. हँडल पिळून बघायची, बिट ओढून बघायची, वायर पायात येत नाही ना ते बघायची, मग दोन्ही पाय रोवून उभी राहायची. मशीनवर अंगाचा भार टाकायची नाही. म्हणायची, "काँक्रीट त्याला खाऊ दे, आपण फक्त धरायचं." होल कसा, ओळंब्यात. हिरव्या पेन्सिलच्या खुणेवर, एक सूतही इकडे नाही की तिकडे नाही.

आणि उस्ताद? उस्ताद डाव्या हाताने पाइप धरून तिच्या हाताखाली बसलेला.

साहेब येता-जाता म्हणायचे, "वहिनींच्या हाताला वळण आहे हो!" की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. काल-परवापर्यंत सगळे "उस्ताद, एवढं बघा ना" म्हणत यायचे, आता "उस्ताद, जरा बाजूला" म्हणत होते. घरी ती कोपरापर्यंत सिमेंटची धूळ धुता धुता गुणगुणायची, ते गुणगुणणंही याला सहन होईना. पहिला घास घेऊन म्हणायचा, "मीठ कमी आहे."

"मीठ बरोबर आहे," ती म्हणायची. "तुमचं तोंड कडू झालंय."

प्लास्टर निघालं. उस्ताद छाती काढून साइटवर गेला, तर साहेब म्हणाले, "पुढच्या इमारतीला एकच ऑपरेटर घ्यायचाय, कायमचा. उद्या वहिनींचं काम नीट बघतो, मग ठरवू."

वहिनींचं काम बघतो! ज्याने वीस वर्षं घासली त्याचं नाही, जिने सहा आठवडे मशीन धरलं तिचं. उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी तळघरात उतरला. पेटी उघडली, मशीनला बिट लावलं, हँडल चढवलं, घट्ट केलं. आणि मग अर्धा फेरा उलटा फिरवला. हात लावला तर घट्टच वाटावं, जोर आला की सरकावं, एवढंच. भिंतीतला होल जरासा वाकडा जाईल, साहेबांचं तोंड वाकडं होईल, बस्स. कुणाला लागायचं नाही काही. माणूस स्वतःला समजवायला बसला की स्वतःइतका भोळा श्रोता त्याला दुसरा सापडत नाही.

ती आली. त्याने मशीन पुढे केलं. "घे. आज मी लावून ठेवलंय."

बाईचा चेहरा असा खुलला म्हणता! सहा आठवड्यांत या माणसाच्या तोंडून एक गोड शब्द नव्हता. तिने चष्मा चढवला, मास्क लावला. हात सवयीने हँडलकडे गेला, आणि थांबला.

"तुम्ही लावलंय, मग काय बघायचं!" ती हसून म्हणाली आणि तिने कानांवर मफ ओढले.

तेवढ्यात साहेब आले. "भिंत राहू द्या," त्यांनी खूण करून दाखवलं, "तो खांब घ्या. सळया टाळून खूण केलीय, पण जपून."

खांब. उस्तादच्या मनगटातून कळ गेली. खांबात सळयांची नुसती दाटी, आणि खुणा चुकतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

"अगं थांब!" तो ओरडला. पण कानांवर मफ. बिट खांबात शिरलं, धूळ उडाली, बोटभर आत गेलं. आवाज बदलला. वीस वर्षांच्या कानाला कळलं, लोखंड लागलं. उस्तादने हातातला पाइप फेकला, बोर्डाकडे झेप घेतली आणि प्लग खेचून काढला.

मशीन थांबलं. तिने मफ खाली घेतले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"हँडल..." त्याला धाप लागली होती. "हँडल ढिलं आहे."

साहेबांनी हँडल धरून जोर दिला, तर ते सरकलं. "काय हे वहिनी! पहिल्यांदा बघायची गोष्ट ती हीच ना? आत्ता मनगट गेलं असतं! बरं झालं उस्तादचं लक्ष होतं. शेवटी अनुभव तो अनुभव. उद्यापासून मशीन उस्तादकडे."

तिने नवऱ्याकडे बघितलं.  तो बोलेल म्हणून वाट बघत होती, हे त्यालाही कळत होतं. त्याने फरशीवरचा पाइप उचलला आणि गुंडाळायला लागला.

"चुकलं माझं," ती साहेबांना म्हणाली.

त्या रात्री मीठ अगदी बरोबर होतं आणि घास उतरत नव्हता. ती नुसती वाढत होती. भांडली असती तर याने निदान आवाज तरी चढवला असता.

सकाळी तिने स्वतःच पेटी उघडून मशीन त्याच्या हातात दिलं आणि पाइप घेऊन खाली बसली. सगळ्यांच्या नजरा उस्तादवर. त्याचा हात जुन्या सवयीने हँडल काढायला गेला. हँडल हलेना. दोन्ही हातांनी पिळलं, तरी तसूभर हलेना.

"घट्ट केलंय," ती खालूनच म्हणाली. "काढू नका. हाड आत्ता कुठे जुळलंय."

 उस्तादने मशीन खाली ठेवलं आणि सरळ साहेबांपुढे गेला. चार माणसं ऐकत होती तरी म्हणाला, "साहेब, काल हँडल मी ढिलं केलं होतं. मुद्दाम. ती माझ्यापेक्षा चांगलं काम करते, ते मला बघवत नव्हतं."

साहेब जे काही बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. शेवटी म्हणाले, "मशीन वहिनींकडे, कायमचं. तुम्ही इथे राहायचं की नाही, ते त्यांनाच विचारा."

तिने नुसतं पाइपकडे बोट दाखवलं.

उस्तादने मशीन उचललं, हँडल पुन्हा एकदा पिळून बघितलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पिळलं. मग आणखी एकदा पिळलं. बिट ओढून बघितलं.

"मी बघितलंय गं आत्ताच," तो हळूच म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच बघतेय."

आणि तिने कानांवर मफ ओढले.