थॉमसच्या दिवशी उघडलेला बर्फ

मी एक जुनी लिफ्ट आहे. इमारतीतली नव्हे. तिला दार असतं, दिवा असतो, आरसाही असतो. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. चौदा खांब, एक लांबलचक पोलादी दोर आणि त्या दोराला टांगलेल्या बासष्ट दांड्या, एवढाच माझा पसारा. प्रत्येक दांडीच्या खालच्या टोकाला एक आडवं लाकूड होतं. पायांत स्की चढवलेल्या दोघांनी ते मांड्यांमागे घ्यायचं आणि ताठ उभं राहायचं, मग मी त्यांना बर्फावरून ओढत डोंगरावर नेत असे. त्यावर बसायचं नाही, हे सगळ्यांना दहा वेळा सांगितलं जाई. नवखी माणसं नेमकी बसत आणि धपकन आपटत.

मित्रांनो, माझा जन्म हिंटरबुखचा. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला डोंगराच्या कुशीत हे गाव आहे. उन्हाळ्यात जिथे गाई चरत, त्याच कुरणावर हिवाळ्यात मी माणसं ओढत असे. फिडेल नावाच्या गवळ्याने गावातल्या अकरा जणांना गोळा करून मला उभं केलं. खांबांचे खड्डे त्यांनी हातांनी खणले. सिमेंट घोड्यांवरून वर नेलं. एक घोडा अर्ध्या वाटेवर बसला तो संध्याकाळपर्यंत उठलाच नाही, त्यामुळे माझा आठवा खांब ठरल्या जागेपेक्षा चार हात खाली आहे. तिथे येताच सगळ्यांना हलका झोका बसायचा. पोरं त्या झोक्यासाठी पुन्हा पुन्हा रांगेत येत.

पहिल्यांदा मी फिरले ती डिसेंबरच्या एकवीस तारखेला, सकाळी दहा वाजता. तो संत थॉमसचा दिवस. पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडलं, गावच्या बँडने दोन सूर वाजवले आणि थंडीने बाजे गारठल्यामुळे तिसरा वाजलाच नाही. तेव्हापासून प्रथा पडली, की लिफ्ट थॉमसच्या दिवशी दहाला सुरू व्हायची म्हणजे व्हायचीच. बर्फ कमी असेल तर जंगलाच्या सावलीतला बर्फ ट्रॅक्टरने आणायचा. एका वर्षी तर जेमतेम पहिल्या खांबापर्यंत पुरेल एवढाच बर्फ मिळाला होता. सगळं गाव तेवढंच अंतर वर गेलं, तेवढंच घसरत खाली आलं आणि टाळ्या वाजवून घरी गेलं. ही प्रथा बावन्न वर्षांत एकदाही मोडली नाही, आणि तिचा मला फार अभिमान होता.

फिडेलमागे त्याचा मुलगा गेब्हार्ड माझ्याजवळ उभा राहू लागला. वरून परतणारी दांडी पकडायची, दोन माणसांच्या मागे अलगद सरकवायची आणि पुढच्या जोडीकडे वळायचं, हे त्याचं काम. एकटं कुणी आलं, की तो रांगेकडे बघून ओरडायचा, "जोडीला कोण? लाजू नका, वर पोहोचेपर्यंतच आहे!" उंच बाई आणि बुटका पुरुष अशी जोडी जमली, की लाकूड बाईच्या गुडघ्यामागे आणि पुरुषाच्या कमरेमागे यायचं. दोघं तिरपे होऊन वर जात आणि सगळी रांग हसत असे. ब्रेमेनहून येणाऱ्या हिल्केबाई आणि त्यांचा नवरा एनो हे असंच जोडपं. एक्केचाळीस नाताळ ते आमच्याकडे घालवत आले. पुढे एनो वारला आणि हिल्केबाई एकट्या येऊ लागल्या. मग त्यांच्या जोडीला गेब्हार्ड स्वतः उभा राहायचा. मुद्दाम थोडा वाकून, त्यांना सवय असलेल्या उंचीचा होऊन.

ते दिवस चांगले होते. नाताळात रांग चर्चच्या भिंतीपर्यंत जायची. गेब्हार्डची बायको रायनेल्डे खालच्या लाकडी खोपटात बार्लीचं सूप विकायची आणि दुपारी दोनलाच तिचं पातेलं रिकामं व्हायचं. मला वाटायचं, हे असंच चालणार. यंत्राला दूरचं दिसत नाही.

मग हिवाळे पातळ होत गेले. बर्फ आधी नोव्हेंबरात यायचा, मग डिसेंबरात, मग कधीतरी. लोक दरीच्या वरच्या, उंच गावांकडे जाऊ लागले. कृत्रिम बर्फ करायला पाणी हवं, आणि आमचा एकुलता एक ओढा गावाच्या पिण्याचा. शेवटी ग्रामसभेत ठरलं. माझा दोर म्हातारा झाला होता, तो बदलायला हवा होता. येत्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत मी निदान दहा दिवस चालले, तर दोर नवा. नाहीतर मला काढून टाकायचं.

गेब्हार्डने त्यावर एक उपाय काढला. मार्चमध्ये शिल्लक राहिलेला सगळा बर्फ त्याने खळ्याएवढा ढीग करून जंगलाच्या कडेला रचला आणि त्यावर दोन हात जाड लाकडाचा भुसा पसरला. उन्हाळाभर तो रोज त्या ढिगाभोवती फेरी मारायचा. भुसा कुठे खचला, तर तिथे फावडं मारायचा. लोक त्याची टिंगल करत, पण ढीग टिकला. ऑक्टोबरात भुशात हात घातला, तर आत गारेगार बर्फ लागत होता. कुरणावर वरपासून खालपर्यंत एक पट्टा अंथरायला तो पुरेसा होता. एकच पट्टा, आणि एकदाच. भुसा काढला की बर्फ उघडा, मग थंडी राखेल तेवढाच त्याचा जीव.

वीस डिसेंबरला दुपारी ढिगाशी तिघं उभी होती. गेब्हार्ड, रायनेल्डे आणि सरपंच वेंडेलिन. वेंडेलिन आणि गेब्हार्ड एकाच वर्गातले.

"गेबी, अठ्ठावीसपर्यंत थांब," वेंडेलिन म्हणाला. "तिथून पुढे कडाक्याची थंडी आहे, बातम्यांत सांगितलंय. अठ्ठावीस ते सहा, मोजून दहा दिवस. सभेत मला एवढंच दाखवायचंय."

"आणि उद्या काय दाखवू? उद्या थॉमस आहे."

"थॉमस काही रागावणार नाही."

"वेंडेलिन, चौथीत तू गणितं माझी बघून लिहायचास. आता मला दहा मोजायला शिकवतोस?"

"तुझी बघून लिहिली म्हणूनच दहाच्या पुढे येत नाही मला."

रायनेल्डेने कपाळाला घट्ट रुमाल बांधला होता. "माझं डोकं सकाळपासून ठणकतंय," ती म्हणाली. "ते समोरचे डोंगर बघ, हात लावावा इतके जवळ दिसतायत. फ्योन येणार, गेबी."

फ्योन म्हणजे दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणारा कोरडा, गरम वारा. तो आला की आमच्याकडे गाई बिथरतात आणि माणसांची डोकी दुखतात.

"तुझं डोकं म्हणजे काय वेधशाळा आहे?" गेब्हार्ड म्हणाला.

"वेधशाळेपेक्षा बरं आहे. तिला तुझ्यासोबत संसार नाही करावा लागत."

तिघंही हसली. गेब्हार्ड तेव्हा ऐकेलही असं मला क्षणभर वाटलं. पण तेवढ्यात बसथांब्याकडून काठी टेकत हिल्केबाई आल्या. खुब्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

"सत्तावीसला निघायचंय मला," त्या म्हणाल्या. "आणि हे शेवटचं, गेब्हार्ड. लेकीने शपथ घातलीय. एकदाच वर जायचंय, मग स्की तुझ्या खोपटातच ठेवून जाईन."

"उद्या दहाला या, हिल्केबाई," गेब्हार्ड म्हणाला. "थॉमस आहे."

वेंडेलिन निघून गेला. मित्रांनो, खरं सांगायचं तर त्या वेळी मलाही आनंदच झाला. वर्षभर उभं राहून मी कंटाळले होते. एकवीसला फिरायचं नाही, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मला बोलता आलं असतं, तरी मी "थांब" म्हटलं नसतं. याची लाज मला आजही वाटते.

त्या दुपारी दोन ट्रॅक्टर लागले. भुसा उपसून बाजूला टाकला, बर्फ वाहून कुरणावर पसरला. हिरव्या डोंगरावरून एक पांढरी पट्टी खाली आली. एकवीसला दहाच्या ठोक्याला मी सुरू झाले. बँडमध्ये आता पाचच जण उरले होते, पण तिन्ही सूर वाजले. पहिल्या दांडीवर हिल्केबाई आणि गेब्हार्ड. आठव्या खांबाशी झोका बसला तेव्हा हिल्केबाईंनी त्याचा दंड घट्ट धरला.

"एनो इथे दरवेळी शिवी द्यायचा," त्या म्हणाल्या.

"मग तुम्ही द्या."

त्यांनी दिली. अगदी खणखणीत. मागच्या दांडीवरच्या दोन पोरी हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

असे तीन दिवस गेले. रायनेल्डेचं पातेलं पुन्हा दोनला रिकामं झालं. ती डोक्याचा रुमाल मात्र काही सोडत नव्हती.

चोवीसच्या सकाळी वारा आला. आधी माझा दोर गुणगुणू लागला. मग चर्चच्या छपरावरून थेंब गळू लागले. दुपारपर्यंत लोकांनी कोट काढून कुंपणावर टाकले होते. गेब्हार्डने भुशाकडे धाव घेतली, पण भुसा ओला होऊन चिखलात गेला होता आणि पसरलेला पट्टा पुन्हा गोळा करणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. तरी तो करत राहिला. दुपारी त्याने मला थांबवलं आणि फावड्याने कडेचा बर्फ मधे ओढू लागला. रायनेल्डेही आली. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. तिने दुसरं फावडं उचललं. नाताळच्या दिवशी, पंचवीसला, सगळं गाव जेवायला बसलं होतं तेव्हा ही दोघं माझ्या पाचव्या खांबाशी चिखलात उभी होती. सव्वीसला पट्टीच्या जागी पिवळं गवत होतं आणि त्यावर भुशाचे डाग.

मी साडेतीन दिवस चालले होते.

सत्तावीसला हिल्केबाई निरोप घ्यायला आल्या. "माझ्यासाठी उघडलंस ना रे?" त्यांनी विचारलं.

"छे. थॉमससाठी," गेब्हार्ड म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही, ते त्यांनाही कळलं. त्या रडल्या आणि बस चुकेल म्हणून रडत रडतच निघाल्या.

अठ्ठावीसला थंडी आली. बातम्यांत सांगितली होती तशीच, कडाक्याची. गवताचं पान न् पान कडक झालं. आकाश निळंभोर होतं आणि अंथरायला मूठभर बर्फ नव्हता. दहा दिवस गेब्हार्ड रोज येऊन माझ्या मोटरच्या खोलीत बसला. माझ्याकडे बघायचा नाही, भिंतीकडे बघायचा.

सभा आठ जानेवारीला झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वेंडेलिन आला आणि पायरीवर बसला.

"मी हात वर केला नाही, गेबी."

"माझ्या विरोधात?"

"कशासाठीच नाही केला."

"म्हणजे तसाच बसून राहिलास?"

"हो, तसाच."

"आता तुझं तू लिहायला लागलास," गेब्हार्ड म्हणाला.

तो थांबला असता तर मी वाचले असते का? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. दहा दिवस भरले असते, नवा दोर आला असता. पण दोराने बर्फ पडत नाही. आणखी एखादा हिवाळा, फार तर दोन. तेवढ्यासाठी त्याने स्वतःला जन्मभर दोष द्यावा, हे मला बघवत नाही. पण तो देतो, आणि मी त्याला काही सांगू शकत नाही.

एप्रिलमध्ये दुसऱ्या दरीतली माणसं गॅसचे कटर घेऊन आली. खांब कापले. दांड्या गावकऱ्यांनी बागेत झोपाळे करायला नेल्या. गेब्हार्डने एकही नेली नाही. दोर फिरवणारं मोठं चाक उतरवताना कटरवाल्यांपैकी एकाने आत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "अहो, हे तर कोऱ्यासारखं आहे. एवढं छान ठेवलं कुणी?"

"कुणी नाही," गेब्हार्ड म्हणाला.

आज मी दरीच्या तळाशी भंगाराच्या आवारात तुकड्यांनी पडले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी तुम्हांला विनवायचं असतं, की वस्तूंची निगा राखा, त्यांना गंजू देऊ नका. पण माझी निगा कधीच चुकली नाही. मी गंजून मेले नाही. जे जपायला हवं होतं ती थंडी होती, आणि ती कशी जपायची हे मला ठाऊक नाही. तुम्हांला ठाऊक असेल, अशी आशाही आता मी धरत नाही.

म्हणून माझ्यासाठी काही मागत नाही. फक्त येत्या एकवीस डिसेंबरला, सकाळी दहाच्या आत, कुणीतरी गेब्हार्डला घरी बोलावून घ्या. नळ गळतोय म्हणा, दार लागत नाही म्हणा, काहीही खोटं सांगा. त्याला त्या कुरणाकडे एकट्याने जाऊ देऊ नका.