एकोणीस दिवस रुळावर राहिलेला कागद

मी एक जुना टाइपरायटर आहे, मित्रांनो. रंगाने काळा आणि वजनाने भरल्या कळशीएवढा. व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका लहानशा गावात, कॉब यांच्या घराच्या पुढच्या खोलीत माझा मुक्काम असतो. ही खोली म्हणजेच आमची गावकचेरी. कुत्र्याचा परवाना, जमिनीचं खरेदीखत, जन्म, लग्न, मृत्यू, सगळं इथे एकाच टेबलावर होतं, आणि आतून शिजणाऱ्या बीन्सचा वास येत असतो.

मला इथे आणलं एझरा कॉब यांनी. गाव त्यांना मार्चच्या वार्षिक गावसभेत कारकून म्हणून निवडून देई. ते दोन बोटांनी टाइप करायचे, पण चूक म्हणून करायचे नाहीत. माझी रिबीन स्वतः बदलायचे. तेव्हा माझ्यावाचून गावाचं पान हलत नसे. पुढे त्यांची मुलगी मार्वा कारकून झाली, संगणक आला आणि माझ्यावर मेणकापडाचं झाकण पडलं. वर कोणीतरी कुंडी ठेवली. चांगली ओली कुंडी! असो.

ही गोष्ट मी सांगतो आहे, कारण तिच्यात थोडा दोष माझाही आहे.

१९६१ साली शाळेच्या नव्या बाई, लिओना थेअर, आणि त्यांच्याबरोबर राहणारी विनी गूडेल टेकडीवरचं घर घ्यायला आल्या. खरेदीखत लिहिताना एझरांनी मान वर न करताच विचारलं, "सावत्र बहिणी ना तुम्ही?" गावात कोणीतरी तसं म्हणालं होतं. खरं सांगितलं असतं तर बाईंची शाळेतली नोकरी सुटली असती आणि घरही हातचं गेलं असतं. लिओनाबाईंनी मान डोलावली. एझरांनी बटणं दाबली आणि मी तो शब्द उमटवला. चांगला ठसठशीत उमटवला, मित्रांनो. मला काय ठाऊक?

त्यानंतर एकोणचाळीस वर्षं त्या गावाच्या 'टेकडीवरच्या बहिणी' होत्या. दर वसंतात कुत्र्याच्या परवान्याला दोघी मिळून येत. मार्चच्या सभेत विनीचा सफरचंद भरून भाजलेला ॲपल पाय सगळ्यांत आधी संपे, आणि गावाच्या वार्षिक अहवालात 'आपल्या प्रेमळ बहिणींचे आभार' असं छापून येई. संगणक येईपर्यंत तो मजकूर माझ्यावरच टाइप व्हायचा. विनी टेबलाशी असली तर ती तो शब्द वाचायची आणि खिडकीकडे बघत राहायची. मला ते दिसायचं, पण मी काय करणार होतो?

मग २००० साल आलं आणि नवा कायदा झाला. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना आपल्या संसाराची सरकारदरबारी नोंद करता येणार होती. सिव्हिल युनियन म्हणत त्याला. गाव तापलं. कुंपणांवर विरोधाच्या पाट्या लागल्या. गाई पाळणारा फ्लॉइड बेसेट हा आमचा निवडून आलेला न्यायपंच. लग्नं लावायचा अधिकार त्याचा. टेबलावर हात आपटून तो सांगून गेला की असली लग्नं आपल्याच्याने लावली जाणार नाहीत.

सप्टेंबरात दोघी आल्या. लिओनाबाई आजारपणाने निम्म्या झाल्या होत्या, हातात काठी आली होती. सिव्हिल युनियनच्या परवान्याचा अर्ज जाड कागदाचा होता, तो संगणकाच्या छपाईयंत्रात जाईना. शेवटी मार्वाने कुंडी उचलली आणि माझं झाकण काढलं. नावं झाली, जन्मतारखा झाल्या. आईवडिलांच्या नावांशी येऊन मार्वाची बोटं थांबली. तिने खरेदीखतांची जुनी वही काढली.

"बाई, बहिणींना हा परवाना देता येत नाही," ती म्हणाली. मार्वा त्यांचीच विद्यार्थिनी. "बाबांनी इथे लिहिलंय, आणि खाली तुमची सही आहे."

फ्लॉइड नेमका तेव्हाच मासेमारीच्या परवान्यासाठी दारात येऊन उभा होता. विनीने बाईंची बाही ओढली. "चल गं घरी. बहीण म्हणून निदान दवाखान्यात आत तरी सोडतात."

"आणि बहीण म्हणूनच मूठमाती देशील मला?" लिओनाबाई म्हणाल्या. मग वर्गात बोलायच्या तशा आवाजात त्यांनी मार्वाला सगळं सांगितलं. आपण कोणाच्या बहिणी नाही, कधीच नव्हतो, चाळीस वर्षं एका घरात संसार केला आणि रस्त्यात एकमेकींचा हात धरला नाही. "खोटं मी बोलले, मार्वा. गृहपाठाबद्दल खोटं बोललीस म्हणून तुला कोपऱ्यात उभं केलं होतं ना, त्याच्याही आधी बोलले होते."

फ्लॉइड परवाना न घेताच निघून गेला. आता गावभर होणार, हे तिघींनाही कळलं.

मार्वाला पुरावा हवा होता. बाईंचा जन्मदाखला पर्समध्ये होता, पण विनीचा दूर मेन राज्यातल्या तिच्या जन्मगावी. मार्वाने तिथल्या कचेरीला पत्र टाकलं. अर्ज मात्र तिने माझ्यातून काढला नाही. अर्धवट कागद यंत्रातून काढायचा नाही, ही तिच्या बाबांची शिस्त.

एकोणीस दिवस तो कागद माझ्या गोल रबरी रुळावर राहिला. इतकी वर्षं कोणीतरी हात लावावा म्हणून मी झुरलो होतो, पण या एकोणीस दिवसांसारखा कधी झुरलो नाही. बाहेर मेपलची पानं लाल झाली, मग गळायला लागली. विनी रोज फोन करायची. मार्वा म्हणायची, आज नाही आलं. मग फोन ठेवून ती थोडा वेळ माझ्यावर हात ठेवून बसायची. लिओनाबाई आता अंथरुणातून उठत नव्हत्या.

विसाव्या दिवशी पाकीट आलं. मार्वाने दाखला वाचला, आईवडिलांची नावं खरंच वेगळी होती. तिने मला कागदासकट उचललं, गाडीत शेजारच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला. कॉब यांच्या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच उंबरठा ओलांडत होतो. वाटेत फ्लॉइडच्या गोठ्याशी तिने काच खाली केली आणि विचारलं, "वर चाललेय. येणार?" तो गाईंना चारा टाकत राहिला. रस्ता खड्ड्यांचा होता, मी कागद घट्ट धरून ठेवला.

बाईंच्या पलंगाशी टेबल ओढून मार्वाने उरलेले रकाने भरले. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. फ्लॉइड आत आला, केस ओले करून विंचरलेले, अंगात चर्चचा कोट.

"एकोणचाळीस वर्षं फसवलंत आम्हाला," तो टोपी चुरगळत म्हणाला. "आमची म्हातारी पहिल्यापासून सांगत होती, बहिणी कुठे इतक्या प्रेमाने भांडतात? मी तिलाच वेड्यात काढलं."

लिओनाबाई हसल्या, हसता हसता त्यांना खोकला आला. मग दोघींनी अर्जावर सही केली, मार्वाने परवाना हातात दिला, फ्लॉइडने ठरलेलं वाचलं आणि आपली सही केली. विनीने कागद दोनदा वाचला. या वेळी ती खिडकीकडे वळली नाही.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात लिओनाबाई गेल्या. मृत्यूची नोंद मार्वाने मुद्दाम माझ्यावर केली. हयात जोडीदार, या रकान्यात मी विनी गूडेल हे नाव उमटवलं, जमेल तितकं ठसठशीत.

मित्रांनो, खरेदीखताच्या वहीतला तो जुना शब्द तसाच आहे, वहीतलं खोडता येत नाही. म्हणून एक मागणं आहे. कोणाचं नातं लिहायची वेळ तुमच्यावर आली, तर उत्तर आपणच देऊन प्रश्न विचारू नका. मान वर करा, समोरच्याकडे बघा, त्याला बोलू द्या.

माझ्यावर आता कुंडी नसते. विनी दर वसंतात कुत्र्याच्या परवान्याला एकटी येते. काम झालं तरी ती लगेच निघत नाही. मार्वा न विचारता मृत्यूनोंदींच्या वहीतलं त्या नोव्हेंबरचं पान उघडून तिच्यापुढे ठेवते, आणि विनी तो एक रकाना वाचून घरी जाते.