रिकाम्या इनपुटांचा भोंगा

गोव्यातल्या पाळी गावच्या बंद खाणीतला मातीचा ढिगारा सरकतोय का, हे कळावं म्हणून मी तिथे हालचालीची नोंद ठेवणारा लॉगर बसवला आणि त्याला धोक्याचा भोंगा जोडला. आठ इनपुट, पाच सेन्सर. उरलेल्या तीन रिकाम्या इनपुटांना बोटभर तार लावून ती अर्थिंगला जोडायची असतात, नाहीतर ती आजूबाजूचं वाट्टेल ते पकडून आकडे दाखवत बसतात. हे मला पाठ होतं. पण डिचोलीहून पेडण्याची बस चुकली असती. "पुढच्या फेरीला बघू," म्हणालो आणि पेटी बंद केली. माझ्या पुढच्या फेऱ्या कशा असतात ते माझ्या बायकोला विचारा.

ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उपसायचा पंप होता. तिथला कामगार कृष्णनाथ तो चालू करायचा आणि वर रस्त्याकडेच्या शेडमध्ये येऊन बसायचा. पंप सुरू असला की मोटरची गडबड त्या रिकाम्या इनपुटांत शिरायची, लॉगरला मधूनच वाटायचं ढिगारा सरकला, आणि भोंगा कोकलायचा. पहिल्या दोन वेळा कृष्णनाथ शेड सोडून देवळापर्यंत पळाला. तिसऱ्या वेळी त्याने मला फोन केला.

"साईशबाब, भोंगो परत वाजता. धांवून धांवून म्हजे पांय मोडले."

"अरे, तो पंपामुळे वाजतो. वाजला की खाली जाऊन पंप बंद कर, गप्प होईल."

तसंच झालं. महिनाभर तो तेच करत होता. रोज मरे त्याला कोण रडे? तार लावायची राहिलीय, हे मी विसरूनही गेलो.

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला आणि मंगळवारी ढिगारा खरंच आला. कृष्णनाथ दुसऱ्या दिवशी सापडला. पंपाजवळ.

लॉगरमधली नोंद मीच काढली. अकरा चाळीसला तिसऱ्या सेन्सरने खरी हालचाल दाखवली आणि भोंगा सुरू झाला. अकरा त्रेचाळीसला तिन्ही रिकाम्या इनपुटांचे आकडे एकदम शांत झाले. म्हणजे त्याने खाली उतरून पंप बंद केला होता. भोंगा मात्र थांबला नाही. अकरा चव्वेचाळीसला सगळीच नोंद संपली. मधल्या त्या मिनिटात तो बंद पंपाशेजारी उभा राहून भोंगा ऐकत असेल.

आठवड्याने त्याच्या घरी गेलो. त्याची बायको गंगा दारातच बसली होती. तिने मला खुर्ची दिली, चहा केला. ते मला सोसवेना.

"गांवांत म्हणटात, भोंगो आयकूनय सकल पंपाकडेन गेले, पिशे म्हणून," ती म्हणाली. "तुमी शिकिल्ले मनीस. तुमी तरी सांगात, ते पिशे नाशिल्ले."

"सांगतो, वेडा नव्हता तो," मी म्हणालो.

चौकशीच्या अहवालावर मी सकाळीच सही करून आलो होतो. त्यात एकच कारण होतं: कामगाराने इशाऱ्याकडे दुर्लक्ष केले.